टाचणी, थोरली आणि आई

माझा नवरा मुंगसं सांभाळतो आणि मी एक पाखरू सांभाळते. एकच, तेही बोटाच्या दोन पेरांएवढं. त्यामुळे कामावर कायम त्याचं पारडं जड. प्राणिसंग्रहालयाच्या मागच्या बाजूला एक लांबट बैठी इमारत आहे. तिच्या डाव्या दारामागे माझी हमिंगबर्ड, उजव्या दारामागे त्याची बुटकी मुंगसं, आणि दोन्हींच्या मध्ये प्राण्यांचं खाणं तयार करायची खोली. त्या खोलीत आमचं जमलं आणि त्याच खोलीत आम्ही रोज भांडतो.

भांडण ठरलेलं, कुणाचा प्राणी भारी? लोक आधी त्याच्या काचेपाशी जातात आणि विचारतात, "साप कुठाय?" मुंगूस म्हटलं की लोकांना साप लागतो. याची मुंगसं खारीएवढी, किडे आणि अंडी खाऊन राहणारी. साप दिसलाच तर सगळी मिळून आधी आरडाओरडा करतील. मी म्हणायची, "तुझ्या मुंगसांची अब्रू सापाच्या जिवावर. माझ्या टाचणीचं हृदय मिनिटाला हजारदा धडधडतं, ती हवेत जागच्या जागी उभी राहते, मागे मागे उडते." तो अंडं फोडत म्हणायचा, "आणि दर थोड्या वेळानं साखरपाणी मागते. पंख फुटलेला पाहुणा आहे तो, दुसरं काय!"

टाचणी हे नाव मी ठेवलं, चोचीवरून. थोरली हे नाव त्यानं ठेवलं, मुंगसांच्या मुख्य बाईला. त्यांच्यात बाईचंच राज्य असतं. थोरली उठली की सगळी उठतात, ती वळली की सगळी वळतात. नवऱ्याला हे फार आवडतं. घरीही तसंच आहे म्हणतो आणि मला हसवतो.

माझी आई या भांडणात बेधडक जावयाच्या बाजूची. तिनं आयुष्यभर लॉन्ड्रीत इस्त्री केली. तिचे हात कायम गरम. लहानपणी मला ताप आला की तिला कपाळाला हात लावून काही कळायचं नाही, कारण तिचाच हात जास्त तापलेला. मग ती खाली वाकून माझ्या गालाला गाल लावायची आणि जाहीर करायची, "आहे" किंवा "सोंग आहे". बहुतेक वेळा सोंगच असायचं, आणि ते तिला गालानं कळायचं.

टाचणीला ती पहिल्यांदा बघायला आली तेव्हा म्हणाली, "एवढ्याशा पाखरासाठी तुला पगार देतात? आणि मी मेली चादरींचे ढीग उपसत बसले!" मग ती मुंगसांच्या काचेपुढे जाऊन बसली, आणि पुढे जेव्हा जेव्हा आली तेव्हा तिथेच बसली. मागच्या थंडीत मुंगसांतली एक, लंगडी, आजारी पडली. तिला वरच्या बिळापर्यंत चढता येईना. तर थोरलीनं आपली उंचावरची उबदार जागा सोडली आणि अख्खं बिऱ्हाड खाली घेऊन आली. सगळी लंगडीला चिकटून खाली गार फरशीवर झोपायला लागली. लंगडी गेली तरी उठेनात, नवऱ्याला अंडी दाखवून त्यांना बाजूला करावं लागलं. आई तेव्हा रोज काम सुटलं की येऊन बसायची. म्हणाली, "जावई, माझ्या वेळी एवढं केलंत तरी पुष्कळ."

"आई, काहीतरी अभद्र बोलू नकोस," मी म्हटलं.

"तुला नाही सांगत गं. तू पाखरांवाली," ती म्हणाली.

आता पाखराचं सांगायलाच हवं, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. टाचणीची जात उंच डोंगरातली. तिथे रात्री हाडं गोठतात. एवढ्याशा जिवाला रात्रभर शेगडी पेटती ठेवणं परवडत नाही, म्हणून ती सरळ विझवून टाकते. फांदीवर बसते, चोच वर करते, पिसं फुगवते आणि बंद होते. अंग बाहेरच्या हवेइतकं गार पडतं, श्वास दिसत नाही, हृदय चालतंय की नाही सांगता येत नाही. सकाळी दिव्याची ऊब लागली की हळूहळू थरथरायला लागते, आणि अर्ध्याएक तासात असं काही भुर्रकन उडते की जसं काही घडलंच नव्हतं. म्हणून मी तिची खोली रात्री मुद्दाम गार ठेवते. सकाळी दिवा आपोआप लागतो, त्यानंतरच मी दार उघडते. हे सगळं नवऱ्याला ऐकून माहीत होतं, पाहून नाही. आणि ऐकून म्हणजे, बायको बोलत असताना नवरा जेवढं ऐकतो तेवढं.

मग आई पडली. भल्या सकाळी न्हाणीघरात, ओल्या फरशीवर. किती वेळ पडून होती कुणालाच माहीत नाही. माझा धाकटा भाऊ तिच्यासोबत राहतो, लिफ्ट दुरुस्त करतो. त्याला ती सापडली तेव्हा बर्फासारखी गार होती. हृदय थांबलेलं होतं. अँब्युलन्सवाल्यांनी ते परत चालू केलं, पण आई काही जागी झाली नाही. आयसीयूत नळ्या लावून तिला झोपवलं. मी बाहेरच्या बाकावर मुक्काम ठोकला आणि टाचणीला नवऱ्याच्या हवाली केलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी धाकट्याला आणि मला कोपऱ्यात बोलावलं. त्या वयानं माझ्याएवढ्याच, आवाज मऊ. म्हणाल्या, "मेंदूचं काम पूर्ण थांबलंय. आम्ही दोनदा तपासलं. छाती हलतेय ती यंत्रामुळे. रक्तदाब औषधांनी धरलाय, तोही आता हातातून निसटतोय. यंत्र काढण्याबद्दल तुम्ही दोघांनी ठरवायला हवं." त्या आणखीही पुष्कळ बोलल्या. मी त्यांच्या ओठांकडे बघत होते. धाकट्यानं मान खाली घालून हो म्हटलं. मग दोघंही माझ्याकडे बघायला लागले.

"मी दुपारी येते," मी म्हटलं आणि चालू पडले. चालू पडले कसली, पळाले. आई तिथे पडलेली आणि मी बस पकडून कामावर निघाले. मला दुसरीकडे कुठे जायचं ते सुचलंच नाही. जिथे काहीतरी जिवंत आहे आणि ते माझ्यामुळे जिवंत आहे, अशी एकच जागा मला माहीत होती.

खाण्याच्या खोलीत नवरा स्टुलावर बसला होता. समोर किड्यांचं भांडं तसंच, एकही अंडं फोडलेलं नाही. भिंतीपलीकडून मुंगसांचा भुकेचा गलका चालू होता. हा माणूस मुंगसांना कधी ताटकळत ठेवत नाही.

"आधी बस," तो म्हणाला.

"आईचं काही? फोन आला का?"

"आईंचं नाही." त्यानं डोळे पुसले. "टाचणी गेली गं. मी आज लवकर आलो, म्हटलं दोन्ही खोल्या उरकाव्यात. दार उघडलं तर फांदीवर बसलेली, चोच वर. हलेना. बोट लावलं तर कलंडली, उलटी लोंबायला लागली. हातात घेतली तर दगडासारखी गार. तुला कुठल्या तोंडानं सांगणार होतो? तू तिकडे आईपाशी…"

"कुठंय?"

"फ्रीजमध्ये."

मी काय ओरडले ते आता आठवत नाही. बरं काही नव्हतं, एवढं नक्की. फ्रीज उघडला. दारातल्या अंड्यांच्या खोबणीत, मुंगसांच्या अंड्यांशेजारी, या माणसानं कापसाची गादी करून माझ्या पाखराला झोपवलं होतं. डोक्यापर्यंत कापूस ओढला होता. डोळे मिटलेले, पाय आवळलेले.

"खाली ठेवलीस ना? वर बर्फात नाही ना ठेवलीस?"

"नाही, नाही. मेलेला प्राणी आपल्या प्राण्यांच्या डॉक्टरांना दाखवायचा असला की गोठवायचं नसतं, नुसतं गार ठेवायचं. नियमच आहे." तो घाबरून गेला होता. "का गं?"

"अरे गाढवा, ती बंद झालेली असते! शंभरदा सांगितलंय तुला! दिवा लागायच्या आधी शिरलास आत!"

"मुंगूस गार पडलं म्हणजे मेलं," तो म्हणाला. "मला एवढंच माहीत आहे. बावीस मुंगसं पुरलीत मी, एकही गार पडून उठलं नाही."

मला त्याच्याशी बोलायला वेळ नव्हता. मी टाचणीला दोन्ही तळव्यांत घेतलं आणि दिव्याखाली धरलं. तोंडाजवळ नेऊन हळूहळू श्वास सोडत राहिले. वजन म्हणून काही नव्हतंच. माझे हात आईसारखे गरम नाहीत, आणि तेव्हा पहिल्यांदाच मला त्याचा राग आला. नवऱ्यानं किटलीत पाणी तापवलं आणि कपात ओतून कप माझ्यापुढे ठेवला. मी आलटून पालटून एक हात कपावर शेकायचा आणि पाखरू त्या हातात घ्यायचं, असं चालू ठेवलं. किती वेळ गेला कोण जाणे. मुंगसांनीही ओरडायचं सोडून दिलं.

"जाऊ दे गं," नवरा म्हणाला.

"गप्प बस."

मग तिच्या एका नखानं माझ्या बोटाची कातडी धरली. अगदी बारीक, काटा रुतावा तेवढीच. पुढे खिशात फोन थरथरावा तशी माझ्या तळहातात थरथर सुरू झाली. ती थांबली, पुन्हा आली, वाढत गेली. डोळ्याची एक फट उघडली. नवऱ्यानं साखरपाण्याचा ड्रॉपर पुढे केला, निम्मं पाणी माझ्या मनगटावर सांडलं. दोऱ्यासारखी जीभ बाहेर आली आणि आत गेली. एकदा, दोनदा, मग भराभर. आणि मग माझा हात रिकामा झाला. टाचणी डोक्यावरच्या पाइपवर बसून आम्हा दोघांना रागारागानं चिवचिवत होती.

नवरा खाली फरशीवर बसून लहान मुलासारखा रडला. मी नाही रडले. मी फ्रीजच्या उघड्या दारातल्या त्या खोबणीकडे बघत होते. सकाळपासून मेलेली. गार दगड. आणि उठली.

"आई," मी म्हटलं.

त्यानं वर बघितलं. माझ्या डोळ्यांत त्याला काय दिसलं कुणास ठाऊक, तो उठून माझ्याजवळ आला. "नको गं," तो म्हणाला. "तसं नको. आई पाखरू नाहीत."

"ती गार फरशीवर पडली होती! आधी गार पडली असेल, मग हृदय थांबलं असेल! तुला काय कळतं रे? तूच तर हिला कापसात गुंडाळून ठेवलंस! मी आले नसते तर तू हिला पुरलं असतंस! आता धाकटा आईला पुरायला निघालाय!"

कपाटातून त्यानं गरम पाण्याच्या दोन रबरी पिशव्या काढल्या, आईवेगळी पिल्लं आली की त्यांना शेकायला ठेवतो त्या. माझ्या हातात दिल्या. मुंगसांपुढे भांडं ठेवलं, टाचणीला तिच्या खोलीत सोडलं आणि माझ्यामागे बस स्टॉपपर्यंत पळत आला. माझ्यावर विश्वास होता म्हणून नाही. मला एकटीला जाऊ द्यायचं नव्हतं म्हणून.

आयसीयूतल्या नर्सनं पिशव्या बघून कपाळाला आठ्या घातल्या, पण तिनंच गरम पाणी आणून दिलं. मी आईच्या दोन्ही हातांखाली एकेक पिशवी ठेवली, वरून चादर घातली. हात गार होते. आयुष्यभर इस्त्री धरलेला हात, अंगठ्याशी भाजल्याचा जुना डाग, आणि गार. मी बोटं चोळत राहिले. यंत्र छाती वर उचलत होतं, खाली सोडत होतं. मी तिकडे बघतच नव्हते. मी बोटांकडे बघत होते. थरथर आधी तिथे येणार होती.

"ताई, काय चाललंय हे?" धाकटा म्हणाला.

"तू बोलू नकोस. तुला तिला संपवायची घाई झालीय."

तो मागे सरकला. हे वाक्य मी त्याला बोलले, ज्यानं तिला फरशीवरून उचललं होतं त्याला. माझं तोंड असंच आहे, पण त्या दिवशी ते नुसतं तोंड नव्हतं. मी खरोखर जीव तोडून कुणाला तरी शत्रू करायला बघत होते.

हात कोमट झाला. माझ्या हाताइतका झाला. आणि करंगळी हलली.

मी किंचाळले. "हलली! बघ, हलली! डॉक्टर!" धाकटा पुढे धावला. नवऱ्यानं माझा खांदा घट्ट धरला. डॉक्टर आल्या, त्यांनी आईच्या डोळ्यांत प्रकाश टाकला, काहीतरी तपासलं, आणि मग माझ्यासमोर खुर्ची ओढून बसल्या. त्या बसल्या तेव्हाच मला समजायला हवं होतं. चांगली बातमी लोक उभ्यानं सांगतात.

"हे पाठीच्या कण्यातून होतं," त्या म्हणाल्या. "मेंदूतून नाही. असं बोट हलतं, कधी हातही उचलतो. मी सकाळी सांगितलं होतं."

सांगितलं असेल. मी ओठ बघत होते.

"पण ती गार पडली होती," मी म्हटलं. मी त्यांचे हातच धरले. "गार पडलेलं उठतं, मॅडम. मी आज स्वतः बघितलंय. ऊब दिली की उठतं. थोडं थांबा. मी हलणार नाही इथून, मी शेकत राहीन. तुमचं काय जातंय?"

त्यांनी हात सोडवून घेतले नाहीत. "आम्ही हेच केलं," त्या म्हणाल्या. "गारठलेल्या माणसाला आम्ही गेला असं म्हणतच नाही. आधी तुमच्या आईंचं अंग पूर्ण गरम केलं. मग एक अख्खा दिवस थांबलो. त्यानंतरच तपासलं, दोन वेळा, दोन वेगवेगळ्या डॉक्टरांनी. आता हात गार पडतात ते रक्त तिथवर पोचत नाही म्हणून."

ऊब देऊन झाली होती. माझ्या आधी, माझ्या नकळत, हे लोक माझ्या आईला दिव्याखाली धरून बसले होते, आणि ती उठली नव्हती.

"ताई," धाकटा म्हणाला. "लिफ्ट वरखाली जाते म्हणजे आत माणूस असतोच असं नाही गं."

मी नवऱ्याकडे बघितलं. त्यानं म्हणावं, सांगितलं होतं ना, मुंगूस गार पडलं की मेलं. मला भांडायला काहीतरी हवं होतं. त्यानं वाकून बुटांच्या नाड्या सोडल्या, बूट पलंगाखाली सारले आणि आईच्या पायांशी पलंगावर चढून बसला. चादरीखाली हात घालून तिची दोन्ही पावलं आपल्या पोटाशी घेतली.

"अहो, पेशंटपाशी एका वेळी एकच नातेवाईक," नर्स म्हणाली.

"आम्ही सगळे राहणार," तो म्हणाला. हा माणूस कधी कुणाशी आवाज चढवून बोलत नाही. तेव्हाही चढवला नाही. डॉक्टरांनी नर्सकडे बघितलं आणि नर्सनं पडदा ओढून घेतला.

धाकटा आईच्या पलीकडच्या बाजूला गेला. तिच्या केसांत तोंड खुपसून तो आडवा झाला, लहानपणी झोपायचा तसा. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. मघाचं परत घेतलं असं मला म्हणायचं होतं. त्यानं न बघताच माझं मनगट धरलं.

मग मी डॉक्टरांना मान हलवून हो म्हटलं.

यंत्र थांबलं तेव्हा खोली एकदम मोठी झाल्यासारखी वाटली. मी खाली वाकले आणि आईच्या गालाला गाल लावला. ताप बघायला ती लावायची तसा. गाल गार होता. मी तो लावून ठेवला, दाबून ठेवला. कुणी उठेना. नवऱ्यानं पावलं सोडली नाहीत, धाकटा केसांतून तोंड काढेना. कितीतरी वेळानं मला माझ्या गालाखाली ऊब लागली. आई चालू होतेय असं वाटलं.

ती ऊब माझीच होती. मी तरीही गाल काढला नाही.